१७ वर्षांखालचे जगज्जेते पुढे जातात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नायजेरियाने १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक पाच वेळा जिंकला, इतक्या वेळा तो कुणीच जिंकलेला नाही. मोठ्यांच्या विश्वचषकात मात्र हा देश कधी उपांत्यपूर्व फेरीतही पोचला नाही. प्रश्न विचारणाऱ्यांचा मित्र म्हणतो, ‘सगळी वयचोरी, बाकी काही नाही.’ त्यांना स्वतःला ते पूर्ण पटत नाही. मग त्यांनी पुढे विचारलंय की ही स्पर्धा बघायची कशासाठी, आणि बघायचीच तर उद्याचा मोठा खेळाडू ओळखायचा कसा.

मी कनिष्ठ गटाच्या मुलांना शिकवतो आणि निवड चाचण्यांना बसतो, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात सतत कानावर येतो. वयचोरीचं बघूच, पण त्याआधी प्रश्नातलं एक गृहीतक तपासू. १७ वर्षांखालची स्पर्धा म्हणजे आठ-दहा वर्षांनी होणाऱ्या मोठ्या विश्वचषकाची रंगीत तालीम, असं आपण मनात धरून चालतो. निकाल चाळले की हे टिकत नाही. अर्जेंटिना मोठ्यांमध्ये तीनदा जगज्जेता आहे, पण १७ वर्षांखालच्या स्पर्धेत अंतिम फेरीतसुद्धा कधी गेलेला नाही. जर्मनीने मोठा विश्वचषक चारदा जिंकला, मुलांचा जिंकायला २०२३ उजाडलं. उलट बाजूला मेक्सिको. मुलांमध्ये २००५ आणि २०११ असा दोनदा विजेता, मोठ्यांमध्ये उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे कधीच नाही. १९८९ चा विजेता सौदी अरेबिया होता, हे तर आज कुणाला आठवतही नाही. तेव्हा कोडं एकट्या नायजेरियाचं नाही. मुलांची स्पर्धा आणि मोठ्यांची स्पर्धा वेगळ्याच गोष्टी मोजतात, हे खरं कोडं आहे.

आता वयाचं. तुमचा मित्र अगदीच हवेत बोलत नाहीये. ऑलिंपिकच्या यादीतल्या आणि आधीच्या स्पर्धांच्या यादीतल्या जन्मतारखा जुळल्या नाहीत म्हणून फिफाने १९८९ मध्ये नायजेरियावर कनिष्ठ स्पर्धांची बंदी घातली होती. १९९१ ची २० वर्षांखालील स्पर्धा तिथे व्हायची होती, ती पोर्तुगालला गेली. पण हा आफ्रिकेपुरता रोग समजू नका. मेक्सिकोने २० वर्षांखालील पात्रता स्पर्धेत जास्त वयाचे खेळाडू उतरवले, ते १९८८ मध्ये उघडकीला आलं आणि फिफाने त्यांच्या सगळ्याच राष्ट्रीय संघांना दोन वर्षं बाहेर बसवलं. त्यापायी १९९० चा मोठा विश्वचषक त्यांना खेळता आला नाही.

२००९ पासून या स्पर्धेत मनगटाची एमआरआय तपासणी आली. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं येतात. त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं हाड घ्या. त्याच्या मनगटाकडच्या टोकाजवळ वाढीची एक पट्टी असते. वाढीच्या वयात ती उघडी असते, हळूहळू भरत जाते आणि शेवटी हाड एकसंध होतं. डॉक्टर या प्रवासाचे सहा टप्पे मानतात. चित्रात सहावा टप्पा दिसला, म्हणजे पट्टी पूर्ण बुजलेली दिसली, तर मुलगा १७ च्या आतला असण्याची शक्यता अगदी नगण्य. त्याला खेळता येत नाही.

या तपासणीने काय कळतं आणि काय कळत नाही, यात बहुतेकांचा गोंधळ होतो. तिने जन्मतारीख कळत नाही. विशीच्या पुढचा माणूस सोळा वर्षांचा म्हणून उभा राहिला तर तो सापडतो. पण अठराचा मुलगा, ज्याची वाढ उशिरा होते आहे आणि पट्टी अजून थोडी उघडी आहे, तो बिनबोभाट सुटतो. क्वचित खरोखरच सोळा वर्षांचा पण लवकर वाढलेला मुलगा नाहक अडकतो. त्यामुळे ढोबळ लबाडी पकडायला हे जाळं ठीक आहे, बारीक मासे त्यातून निसटतात.

मित्राच्या मुद्द्याला माझं उत्तर इथे आहे. नायजेरियाच्या पाच विजेतेपदांची वर्षं बघा: १९८५, १९९३, २००७, २०१३ आणि २०१५. शेवटची दोन एमआरआय सुरू झाल्यानंतरची आहेत. २०१५ च्या संघातला व्हिक्टर ओसिमेन त्या स्पर्धेत १० गोल करून गेला आणि पुढे २०२२-२३ च्या हंगामात नापोलीला इटलीचं विजेतेपद मिळवून देताना २६ गोलांसह लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. वयाच्या थापेवर इतकी मजल मारता येत नाही. जुन्या विजेतेपदांबद्दल शंका घ्यायला जागा आहे, हे मी नाकारत नाही. पण ‘बाकी काही नाही’ हे चूक.

बाकी बरंच काही आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे प्रामाणिक वयातलाही फरक.

मुलांच्या उंचीची झेप सरासरीने चौदाच्या आसपास येते. ही झाली सरासरी. कुणाची बाराव्या वर्षी येते, कुणाची सोळाव्या. जन्मतारीख एकच असलेल्या दोन मुलांच्या हाडांचं वय दोन-तीन वर्षांनी सहज मागेपुढे असू शकतं. चाचणीच्या दिवशी मैदानावर काय दिसतं? एक जण खांदा लावून चेंडू काढून घेतो, पन्नास मीटर पळत सुटतो आणि गोल करतो. दुसरा योग्य जागी उभा असतो, पास बरोबर देतो, पण प्रत्येक धडकेत आडवा होतो. निवड समितीत बसलेल्या माणसाला याच आठवड्यात नावं द्यायची असतात आणि संघाला दोन महिन्यांनी सामने जिंकायचे असतात. तो पहिल्यालाच घेणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचं कामच ते आहे. फक्त वाढ पुरी झाल्यावर पहिल्याची आघाडी कितपत उरते, हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं.

यात जन्माचा महिना मिसळतो. वयाची रेघ १ जानेवारीला मारलेली असते. २०१७ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेले मुलगे पात्र होते. म्हणजे नावात ‘१७ वर्षांखालील’ असलं तरी जानेवारीत जन्मलेला मुलगा ऑक्टोबरच्या स्पर्धेत पावणेअठराचा असतो, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला अजून सतराही पुरा झालेला नसतो. जगभरच्या कनिष्ठ संघांच्या याद्या बघितल्या की वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसते. २००७ च्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरलेला जर्मनीचा टोनी क्रूस ४ जानेवारी १९९० चा, रेघेपासून चार दिवसांच्या आत. किलियन एम्बापे २० डिसेंबर १९९८ चा. २०१५ मध्ये चिलीला गेलेल्या फ्रान्सच्या १७ वर्षांखालच्या संघात तो नव्हता, आणि तीन वर्षांनी मोठ्यांचा जगज्जेता होता. एका-एका उदाहरणावरून नियम बनत नाही, क्रूसही पुढे जगज्जेता झालाच. पण डिसेंबरातल्या मुलाला लवकर निकालात काढू नये, एवढं यातून नक्की निघतं.

याहून कमी बोललं जाणारं एक गणित आहे. २०१९ पर्यंत ही स्पर्धा दर दोन वर्षांनी व्हायची, विषम सालांत. २०१७ मध्ये २००० चे मुलगे ऐन वयात होते. २००१ मध्ये जन्मलेल्यांना तिथे एक वर्ष मोठ्या मुलांशी झगडून जागा मिळवावी लागायची, आणि २०१९ आली तेव्हा रेघ १ जानेवारी २००२ वर सरकलेली. म्हणजे २००१ वाल्यांची संधी संपली. आई-वडिलांनी चुकीच्या साली जन्म दिला एवढाच अपराध! पुढे २०२१ ची स्पर्धा कोरोनाने रद्द झाली, त्यात २००४ ची तुकडी गेली. स्पेनचा गावी नावाचा खेळाडू त्याच सालचा. तो हे व्यासपीठ न बघताच २०२२ च्या मोठ्या विश्वचषकात गोल करून आला. २०२५ पासून फिफाने ही स्पर्धा दरवर्षी आणि ४८ संघांची केली, सलग पाच वर्षं कतारमध्ये. सामन्यांचा दर्जा पातळ होईल अशी ओरड झाली. थोडा होईलही, पण मला हा बदल मनापासून आवडला. आता प्रत्येक जन्मसालाला स्वतःची स्पर्धा आहे.

पुढचा मुद्दा कोण येत नाही याचा. मोठ्या विश्वचषकासाठी खेळाडू सोडणं क्लबांवर बंधनकारक असतं, मुलांच्या या स्पर्धेसाठी तसं नाही. २०१७ मध्ये इंग्लंडच्या जेडन सँचोला त्याच्या डॉर्टमुंड या जर्मन क्लबने फक्त गटसाखळीपुरतं सोडलं, बाद फेरी सुरू होताना तो परत गेला. ब्राझीलच्या व्हिनिसियस ज्युनियरला त्याच्या फ्लामेंगो क्लबने सोडलंच नाही. लामिन यमाल २०२३ च्या स्पर्धेच्या वेळी वयाने सोळाच वर्षांचा होता, पण स्पेनच्या मोठ्या संघात आधीच खेळू लागला होता, त्याला कोण मुलांमध्ये पाठवणार? युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या संघांचे अगदी वरचे एक-दोन जण असे गळतात. ज्या देशांची मुलं अजून कुठल्या श्रीमंत क्लबात पोचलेली नाहीत, ते देश मात्र पूर्ण ताकदीने उतरतात, आणि बहुतेकदा महिनोन्‌महिने एकत्र शिबिर करून उतरतात. सोळा-सतराच्या वयात महिनोन्‌महिने एकत्र खेळलेला संघ आणि सामन्यांच्या तोंडावर गोळा केलेला संघ यांच्यात केवढा फरक पडतो, हे शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. कॉर्नरला कोण कुठे धावणार, चेंडू गेला की पहिला कोण झेपावणार, हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये हा फायदा उरत नाही, कारण तिथे सगळेच आपापल्या क्लबांतून येतात आणि क्लबात रोज कोण कुणाशी खेळतो यावर सगळं ठरतं.

म्हणजे आत्तापर्यंतचं एवढं: वयाची लबाडी थोडी, लवकर आलेली वाढ बरीच, जन्मसालाचं नशीब, न आलेले चांगले खेळाडू आणि लांबलेली शिबिरं. विजेतेपदात हे सगळं मिसळलेलं असतं. नायजेरिया, घाना, माली यांची मुलं खरोखर चांगली असतात, आणि शिवाय हे सगळे वारे त्यांच्या बाजूने वाहतात.

मग ती चांगली मुलं जातात कुठे? माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर १७ ते २१ या चार वर्षांत आहे. याच वयात मुलाला दर आठवड्याला मोठ्या माणसांविरुद्ध सामना हवा असतो. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात जाता येत नाही. काही अपवाद आहेत, त्यातला मोठा म्हणजे युरोपीय संघातल्या देशांमध्ये १६ नंतर जाता येतं. नियम मुलांच्या भल्यासाठीच आहे, लहान पोरांचा व्यापार थांबवण्यासाठी. पण परिणाम असा होतो की स्पेनचा मुलगा स्पर्धा संपवून आपल्या क्लबाच्या दुसऱ्या संघात सोमवारी सरावाला जातो आणि नायजेरियातल्या लागोसचा मुलगा अठरा पूर्ण होण्याची वाट बघत, एजंटांच्या गराड्यात बसतो.

तैवो अवोनियीचं बघा. २०१३ च्या जगज्जेत्या नायजेरियन संघातला स्ट्रायकर. २०१५ मध्ये लिव्हरपूलने त्याला घेतलं. इंग्लंडमध्ये खेळण्याचा परवाना मिळेना, म्हणून क्लब त्याला उसना देत राहिला: जर्मनी, नेदरलंड्स, बेल्जियम, पुन्हा जर्मनी. दर वर्षी नवं गाव, नवी भाषा, नवा प्रशिक्षक, आणि ‘हा उसना आलाय, जाणारच आहे’ असं समजून वागणारे सहकारी. लिव्हरपूलकडून एकही अधिकृत सामना न खेळता तो २०२१ मध्ये युनियन बर्लिनला विकला गेला. तो चिवट निघाला, पुढे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये गोल करू लागला. सगळे इतके चिवट नसतात, आणि असावेत अशी अपेक्षाही करू नये. त्याच्या बरोबरीची किती मुलं अशा उसनवारीच्या वर्षांत विरून गेली, ते कुठल्या निकालपत्रात दिसत नाही.

भारताच्या २०१७ च्या मुलांबाबत हे थोडं शहाणपणाने हाताळलं गेलं असं मला वाटतं. यजमान म्हणून प्रवेश मिळालेला तो संघ अमेरिका, कोलंबिया आणि घाना, तिघांकडूनही हरला. जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध हेडरने केलेला एक गोल एवढीच जमा. पण स्पर्धेनंतर त्या मुलांना इंडियन ॲरोज या नावाने आय-लीग या देशांतर्गत क्लब स्पर्धेत उतरवलं गेलं, म्हणजे मोठ्यांविरुद्ध नियमित सामने मिळाले. त्यातले जॅक्सन, अन्वर अली, सुरेश सिंग मोठ्या राष्ट्रीय संघापर्यंत गेले. निकालात शून्य गुण असलेल्या संघातून एवढं निघणं वाईट नाही.

आता तुमचा शेवटचा भाग, बघताना काय बघावं. मी सांगतो ती माझी सवय आहे, दुसरा प्रशिक्षक वेगळं सांगेल.

गोल मोजू नका. या वयात गोलांचा आकडा फार फसवा असतो. २०१७ च्या अंतिम सामन्यात कोलकात्यात इंग्लंड स्पेनविरुद्ध दोन गोलांनी मागे होता आणि ५-२ ने जिंकला. स्पर्धेत सर्वाधिक, आठ गोल रियान ब्रूस्टरचे. उपांत्यपूर्व आणि उपांत्य, दोन्ही सामन्यांत त्याची हॅट्‌ट्रिक. काही महिन्यांतच त्याला गंभीर दुखापत झाली, आणि नंतर प्रीमियर लीगच्या आपल्या पहिल्या पूर्ण हंगामात त्याला एकही गोल करता आला नाही. त्याच अंतिम सामन्यात फिल फोडेनने दोन गोल केले आणि मार्क गेही नावाच्या बचावपटूनेही एक केला. फोडेन सर्वोत्तम खेळाडू ठरला, तो पुढे जाईल हे सगळेच म्हणत होते. गेहीबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं. तो २०२४ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडकडून खेळला.

माझं लक्ष चेंडूकडे कमी असतं. एक मधल्या फळीतला मुलगा निवडतो आणि पंधरा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघतो. चेंडू त्याच्याकडे येण्याआधी तो खांद्यावरून मागे बघतो का? एकदा की दोनदा? चेंडू पायाशी आल्यावर पहिला टच कुठे जातो, स्वतःच्या पायाखाली की मोकळ्या जागेकडे? पास देऊन तो थांबतो की लगेच पुढच्या जागी सरकतो? या गोष्टींना उंची लागत नाही, म्हणून वाढ पुरी झाल्यावरही त्या टिकतात. वेगवान विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणारा, असेल तर मी त्याचा असा सामना शोधतो जिथे समोरचा बचावपटू तितकाच वेगवान आहे. कमजोर संघाविरुद्धचे त्याचे चार गोल मला काही सांगत नाहीत. बरोबरीच्या बचावपटूने दोनदा चेंडू काढून घेतल्यावर तिसऱ्या वेळी तो काय वेगळं करतो, ते सांगतं. आणि चूक झाल्यानंतरची दहा सेकंदं बघा: हात वर करून पंचाकडे धावतो, की परत फिरून जागा धरतो.

हे सगळं टीव्हीवर नीट दिसत नाही, कॅमेरा चेंडूमागेच धावतो. जमलं तर मैदानात जाऊन बघा, आणि शक्य तितक्या वरच्या रांगेत बसा.

गोलकीपर आणि मधले बचावपटू यांच्याबद्दल मी या वयात भाकीत करतच नाही. त्यांचा कस लागायला आणखी बरीच वर्षं जावी लागतात.

२०२५ मध्ये पोर्तुगालने ऑस्ट्रियाला १-० ने हरवून हा चषक पहिल्यांदाच जिंकला, त्यातलं कोण मोठं होईल असंही तुम्ही विचारलंय. आज नाव सांगणं ही निव्वळ पैज होईल. त्यापेक्षा त्या २१ जणांची यादी जपून ठेवा. दोन वर्षांनी ती काढा आणि प्रत्येकापुढे एवढंच लिहा: गेल्या हंगामात हा मोठ्यांच्या लीगमध्ये, कुठल्याही देशात, कुठल्याही विभागात, किती मिनिटं खेळला. बड्या क्लबाच्या राखीव बाकावर बसलेला आणि दुसऱ्या विभागात दर शनिवारी नव्वद मिनिटं खेळणारा, यांत मी दुसऱ्यावर पैसे लावेन. नायजेरियाच्या यादीलाही हाच हिशेब लावून बघा आणि तो मित्राला दाखवा.